तमिळ लग्नाला निघण्यापूर्वी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

खानापूर, आटपाडी, तासगाव या भागांतील कितीतरी कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाईच्या (वितळवून शुद्ध करण्याच्या) धंद्यानिमित्त पिढ्यान् पिढ्या तमिळनाडूत राहत आहेत. दुष्काळामुळे गाव सोडलेल्या या लोकांची मुले तिकडेच शिकली, तिकडेच नोकरीला लागली, आणि आता त्यांची लग्नेही तमिळ घरांत होऊ लागली आहेत. त्यामुळे विटा, भिवघाट, आटपाडीकडच्या नातेवाइकांना इरोड, सेलम, कोइमतूर, मदुराई येथील लग्नांची निमंत्रणे येतात आणि मंडळी हौसेने गाड्या करून जातातही. मात्र तेथील लग्न कसे लागते याची काहीच कल्पना नसल्याने यजमानांची आणि पाहुण्यांची कशी अडचण होते, हे गेल्या वर्षी मी स्वतः अनुभवले. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझ्या चुलत दिरांच्या मुलीचे लग्न इरोडला होते. विट्यात छापलेल्या मराठी पत्रिकेत ‘सोमवार, मुहूर्त सकाळी ६ ते ७.३०’ असे लिहिले होते. आपल्याकडे साडेबाराची अक्षता दीडला पडते, ही सवय अंगवळणी पडलेली. त्यात दोन वेळा दिलेल्या पाहून सहाला विधी सुरू होतील आणि अक्षता साडेसातच्या पुढे पडतील, असा अर्थ मी लावला आणि लॉजवर उतरलेल्या सर्वांना तसेच सांगितले. आम्ही एकवीस जण आठ वाजता मंगल कार्यालयाच्या दारात उतरलो, तेव्हा ताली, म्हणजे तिकडचे मंगळसूत्र, बांधून सव्वा तास झाला होता आणि नाश्त्याची दुसरी पंगत उठत होती. माझ्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांनी घरून कुंकू लावलेल्या अक्षता रुमालाच्या गाठीत बांधून आणल्या होत्या. ती गाठ त्यांनी नवरीसमोर उभे राहून सोडली आणि अक्षता तिच्या डोक्यावर हळूच ठेवल्या. मुलगी रडली, त्याही रडल्या. चूक माझी होती आणि ती केवळ अज्ञानातून झाली होती.

तमिळ पत्रिकेत मुहूर्ताच्या दोन वेळा असतात, त्यांचा अर्थ कार्यक्रम इतका वेळ चालेल असा नसून त्या दोन वेळांच्या आतच ताली बांधली जाते, असा आहे. सोमवारी साडेसातला राहुकाळ, म्हणजे अशुभ मानलेली वेळ, लागतो आणि तो नऊपर्यंत असतो, म्हणून सोमवारचा मुहूर्त साडेसातच्या आत संपवतात. राहुकाळ रोज वेगळ्या वेळी येतो, शनिवारी तो सकाळी ९ ते १०.३० आणि शुक्रवारी १०.३० ते १२ असा असतो. आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेतही तो छापलेला असतो, पण आपण तो क्वचितच पाहतो. मुहूर्त पहाटे साडेचारचाही असू शकतो. शिवाय स्वागतसमारंभ बहुतेक ठिकाणी लग्नाच्या आदल्या संध्याकाळीच उरकतात. त्यामुळे ‘लग्नाला उशीर झाला तरी रिसेप्शनला भेटू’ या हिशेबाने निघालेल्या माणसाचे दोन्ही हुकते. आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचणे आणि मुक्काम कार्यालयाच्या जवळ ठेवणे, एवढे केले तरी निम्मी अडचण दूर होते.

महिन्यांचाही घोळ होतो. हे लग्न श्रावणात होते, त्यामुळे आमच्याकडील दोन ज्येष्ठांनी ‘चातुर्मासात कसले लग्न’ म्हणून येण्याचेच नाकारले. तमिळ पंचांगाचे महिने सूर्याच्या संक्रमणावर मोजतात. त्यांचा आवणी महिना ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असतो आणि तो लग्नाला शुभ मानला जातो. ते टाळतात ते आडी, म्हणजे जुलैच्या मध्यापासूनचा महिना, आणि मार्गळी, म्हणजे आपण ज्याला धनुर्मास म्हणतो तो. दोन्हीकडे शास्त्र आहे, श्रद्धा आहे, फक्त गणना वेगळी आहे. केवळ या कारणासाठी मुलीच्या लग्नाला न जाणे मला आजही योग्य वाटत नाही.

प्रत्यक्ष लग्नात पाहुण्याने कान ठेवावा तो वाद्यांवर. नादस्वरम आणि तविल ही सनई-चौघड्यासारखी मंगलवाद्ये सकाळपासून संथपणे वाजत असतात. ताली बांधण्याचा क्षण आला की भटजी हात वर करून ‘गेट्टीमेळम, गेट्टीमेळम’ असे म्हणतात आणि वाद्ये एकदम मोठ्याने व जलद वाजू लागतात, ती एवढ्यासाठी की कोणाची शिंक किंवा एखादा अशुभ शब्द त्या क्षणी कानावर पडू नये. अक्षता टाकायच्या त्या याच वेळी. आपल्याकडे प्रत्येक मंगलाष्टकानंतर अक्षता पडतात, अंतरपाट दूर होतो, ‘शुभमंगल सावधान’ ऐकू येते. तिथे यातले काही नसते आणि एरवी मांडवात सगळे गप्पा मारत बसलेले असल्याने आपल्या माणसांना वाटते की मुख्य विधी अजून व्हायचा आहे. त्या दिवशीच्या चित्रफितीत मी पाहिले की आमच्यापैकी वेळेवर पोहोचलेले दोघे तरुण नेमके त्या क्षणी मोबाइल उंचावून नवरा-नवरीच्या पुढ्यात उभे आहेत आणि मागे बसलेल्या वरमाईला काहीच दिसत नाही. असे कोणी करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

तालीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण मनाला लागणारी बोलणी तिथेच होतात. तमिळ तालीत काळे मणी नसतात. हळद लावलेल्या पिवळ्या दोऱ्यात सोन्याची ताली ओवलेली असते, तिचा आकार घराण्याप्रमाणे आणि समाजाप्रमाणे बदलतो, आणि पुढे ठरलेल्या दिवशी ती सोन्याच्या साखळीत घालतात. तीन गाठी बांधतात. पुष्कळ घरांत पहिली गाठ नवरा आणि उरलेल्या दोन त्याची बहीण बांधते. आमच्यातील एका बाईंनी नवरीच्या गळ्याकडे पाहून ‘मंगळसूत्र कुठाय, नुसता दोराच बांधलाय की’ असे मराठीत, पण मोठ्याने म्हटले. नवऱ्याच्या आईला मराठी येत नव्हते, तरी बोट आणि चेहरा यांवरून त्यांना सारे कळले. ज्या हळदीच्या दोऱ्याला त्या घरात सर्वाधिक मान आहे, त्याला आपण हलके ठरवून आलो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये आणि इरोडच्या हळदीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हळदीवर जगणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील माणसाला तरी त्या पिवळ्या दोऱ्याचे मोल कळायला हवे होते. ओवाळताना ताटातले पाणी लालभडक दिसते, तेही हळदीत चुना मिसळूनच केलेले असते. ते दृष्ट काढण्यासाठी असल्याने ओवाळून झाल्यावर बाहेर ओततात, त्यावर पाय पडू देऊ नये.

बाकी सप्तपदी तीच, लाह्यांचा होम तोच. नवरीचे पाऊल पाट्यावर ठेवून नवरा तिच्या पायात जोडवी घालतो. मामाचा मानही आपल्यासारखाच मोठा. ब्राह्मण घरांत नवरदेव छत्री-काठी घेऊन काशीला निघतो आणि वधूपिता त्याला परत आणतो, मग वधूवरांना झोपाळ्यावर बसवून बायका गाणी म्हणतात. इतर समाजांत हे असेलच असे नाही. काही घरांत भटजीविना स्वाभिमान विवाह होतो, ज्याला १९६७च्या राज्य दुरुस्ती कायद्याने मान्यता दिली. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीशी नाते सांगणाऱ्या सातारा-सांगलीकरांना ते नवल वाटू नये. म्हणून एका लग्नात पाहिले ते सगळ्या तमिळ लग्नांत असते असे समजू नये, त्या घरी विचारून घ्यावे.

जेवण केळीच्या पानावर असते. पंगतीला तिकडे ‘पंदी’ म्हणतात. शब्दही पंक्तीचाच आहे. पानाचे टोक आपल्या डाव्या हाताला येते. पोळी नसते, आणि भात एकदाच नाही तर पुन्हा पुन्हा येतो. आधी वरण-तुपाबरोबर, मग सांबार, मग रस्सम आणि शेवटी ताक. आमच्या मंडळींनी सांबारभातावरच पोट भरले आणि पुढचे वाढप्यांना ‘नको’ म्हणत राहिली. ताकभाताशिवाय जेवण पुरे झाले असे तिथे मानत नाहीत, तेव्हा थोडी जागा ठेवावी. जेवण झाल्यावर पान मिटायचे ते पलीकडची बाजू आपल्याकडे आणून. माझ्या शेजारी बसलेल्या एका पाहुण्यांनी ते उलट, समोरच्या दिशेने मिटले. तसे पान दुःखाच्या जेवणात मिटतात. वाढणारे एक वृद्ध गृहस्थ काही न बोलता आले, वाकून त्यांनी ते पान उघडले, पुन्हा आपल्या बाजूने नीट मिटले आणि पुढे गेले. त्या पाहुण्यांना काय घडले हे मी बाहेर आल्यावर सांगितले.

कपड्यांबाबत काळा रंग टाळावा, पांढरा चालतो. तिथे नवरदेवाची वेष्टी, म्हणजे धोतरच, पांढरे असते. दारात गुलाबपाणी शिंपडून चंदन, कुंकू आणि खडीसाखर देतात, ती घ्यावी. आहेर लिहिण्याची वही तिथेही असते, त्याला ‘मोय’ म्हणतात. निघताना नारळ, विड्याची पाने आणि सुपारी घातलेली पिशवी हातात देतात. आपल्या रीतीप्रमाणे आधी दोनदा ‘नको, नको’ म्हणू नये. तांबूल नाकारणे तिथे शुभ मानत नाहीत. निरोप घेताना तेही ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘पोयिट्टु वरेन’ म्हणजे ‘जाऊन येतो’ असेच म्हणतात. सासूबाईंनी तेवढे दोन शब्द एका मुलीकडून शिकून घेतले आणि नवऱ्याच्या आजीला म्हटले, तेव्हा त्या आजींनी त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले होते.

तमिळनाडूत स्थायिक झालेल्या आपल्या बांधवांना आणि विटा-सांगली भागातील पत्रिका छापणाऱ्यांना माझी आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती आहे, की गावाकडे वाटायच्या मराठी पत्रिकेत मुहूर्ताखाली चार ओळी अवश्य घालाव्यात: ताली नेमकी किती वाजता बांधणार, स्वागतसमारंभ कोणत्या दिवशी, मुक्काम कोठे आणि भाषा जाणणाऱ्या कोणाला फोन करायचा. त्याच मुलीच्या धाकट्या भावाचे लग्न येत्या आवणीत सेलमला आहे. त्या पत्रिकेचा मजकूर मी लिहून दिला असून ‘ताली सकाळी ६.४०, सर्वांनी ६ वाजता मांडवात असावे’ ही ओळ ठळक अक्षरांत घेतली आहे. सासूबाईंनी दोन दिवस आधीच निघायचे ठरवले आहे.

आपली नम्र,
एक वाचक, विटा (जि. सांगली)