सेंट्रिंग उतरवण्याआधी स्लॅबवरचा ठोकळा फोडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंडीत नाशिक परिसरात स्लॅब भरण्याची कामे जोरात असतात आणि 'सात दिवस झाले, उतरवा प्लेटा' हे साइटोसाइट ऐकू येते. ओल्या स्लॅबला खालून पेलणारे हे सेंट्रिंग, म्हणजे प्लेटा आणि त्यांखालचे टेकू किंवा जॅक, भाड्याचे. भाडे दिवसागणिक चढते आणि वरच्या मजल्याला तेच सामान लागते. ठेकेदाराची अडचण खरी आहे, पण खाली काम करणाऱ्या मजुराचा जीव त्याहून मोठा आहे.

काँक्रीट कामाच्या भारतीय मानकात, 'आयएस ४५६ : २०००' मध्ये, साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी, त्याहून मोठ्या स्लॅबचे १४ दिवसांनी आणि ६ मीटरवरच्या बीमचे २१ दिवसांनी काढावेत, असे दिले आहे. हे आकडे मिस्त्रीलाही पाठ असतात. मात्र ते ओपीसी म्हणजे साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी आहेत, तेही तापमान १५ अंशांखाली जात नसेल तरच. आपल्याकडे घरोघरी पीपीसी, म्हणजे राख मिसळलेले सिमेंट वापरतात. त्यातल्या राखेमुळे सुरुवातीची ताकद सावकाश येते. त्यात जानेवारीत निफाडकडे पहाटे पारा १० च्याही खाली उतरतो! त्याच कलमात असेही म्हटले आहे की, फॉर्मवर्क (सेंट्रिंग) काढताना काँक्रीटवर जेवढा ताण येणार, त्याच्या किमान दुप्पट ताकद त्यात आलेली हवी, आणि ती साइटसारख्याच हवेत ठेवलेल्या काँक्रीटवर तपासलेली हवी.

गोम इथेच आहे. ताकद तपासायला त्याच काँक्रीटचे ठोकळे भरतात, पण ते लॅबच्या टाकीत २७ अंशांच्या पाण्यात मुरत असतात. माल ठीक होता एवढेच त्यांवरून कळते. गच्चीवर रात्रभर गारठलेल्या स्लॅबचे काय? त्यासाठी तीन ठोकळे जास्तीचे भरून स्लॅबवरच, त्याच ओल्या गोणपाटाखाली ठेवावेत आणि टेकू काढायच्या दिवशी फोडावेत. १५ सेंटिमीटरचा ठोकळा २२५ किलोन्यूटनला फुटला, तर ताकद चौरस मिलिमीटरला १० न्यूटन भरते. तेवढ्यावर टेकू काढायचे की नाही, हे डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरने ठरवावे, सेंट्रिंगवाल्याने नव्हे. काँक्रीटवर ठोकून अंदाज देणाऱ्या नुसत्या रिबाउंड हॅमरवरही विसंबू नये. तो वरच्या थराचा कडकपणा दाखवतो.

अमेरिकेत व्हर्जिनियातील बेलीज क्रॉसरोड्स येथे मार्च १९७३ मध्ये टेकू लवकर काढल्यामुळे बांधकाम चालू असलेली उंच इमारत कोसळून १४ कामगार दगावले. २७ एप्रिल १९७८ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील विलो आयलंडला कूलिंग टॉवरवर आदल्याच दिवशीच्या, थंडीत कच्च्या राहिलेल्या काँक्रीटवर मचाणाचा भार आला आणि ५१ जण गेले.

महापालिकेने आणि नगरपरिषदांनी प्रत्येक मजल्याचे टेकू काढण्याआधी साइटवर ठेवलेल्या ठोकळ्यांचा अहवाल इंजिनिअरच्या सहीनिशी नोंदवण्याची सक्ती करावी. खर्च तीन ठोकळ्यांचा आणि लॅबच्या फीचा. स्वतःचे घर बांधणाऱ्यांनी तर नियमाची वाट न पाहता हा अहवाल आजच ठेकेदाराकडे मागावा.

आपला,
एक निवृत्त बांधकाम पर्यवेक्षक, नाशिक