चोखोबांसाठी एक पान

आषाढी जवळ आली की ज्ञानोबा-तुकोबांवर भरभरून छापून येते. चोखोबांच्या, म्हणजे अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखामेळ्यांच्या, वाट्याला जेमतेम एखादी चौकट. १३३८ मध्ये मंगळवेढ्यात गावकुसाचे बांधकाम कोसळून ते गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती नामदेवांनी उचलून पंढरपुरी आणली, म्हणतात. समाधी बांधली ती विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर, म्हणजे बाहेरच! त्यांच्या दलित बांधवांना आत जायला १९४७ उजाडावे लागले, तेही साने गुरुजींनी उपोषण करून प्राण पणाला लावले तेव्हा. गेल्या कार्तिकीला पाहिले, नामदेव पायरीला हात लावून गर्दी पुढे सरकत होती. समोरच्या समाधीवर तुळशीची चार पाने, तीही सुकलेली. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणे बंका, मुलगा कर्ममेळा, अख्खे घरच अभंग रचणारे. यंदा त्यांच्यासाठी एक पान राखाल का?

— एक वारकरी, बार्शी