नाणेनिधी फोडून विकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उत्तरकालीन रोमन साम्राज्याची ब्राँझची नाणी जुन्या नाण्यांच्या बाजारात मातीसकट, वजनावर किंवा मुठीमुठीने विकली जातात. चौथ्या शतकातले, मागच्या बाजूस दोन सैनिक आणि त्यांच्यामध्ये ध्वज असलेले, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातील नाणे नवख्या संग्राहकालाही परवडते. मी स्वतः संग्राहक असल्याने या छंदाला माझा विरोध नाही. विरोध आहे तो एकत्र पुरलेला नाण्यांचा साठा, म्हणजेच नाणेनिधी, फोडून, त्याची कसलीही नोंद न ठेवता विकण्याला.

इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात फ्रोमजवळ २०१० साली एका हौशी शोधकाला ५२,५०३ रोमन नाण्यांनी भरलेला मातीचा रांजण सापडला. नाण्यांचे वजनच सुमारे १६० किलो होते. त्याने मोह आवरून खणणे थांबवले आणि पुरातत्त्वज्ञांना बोलावले. त्यांनी थरामागून थर नोंदवीत रांजण रिकामा केला. त्यामुळेच असे उघड झाले की, २८६ ते २९३ या काळात ब्रिटनमध्ये स्वतंत्रपणे राज्य करणाऱ्या कॅरॉसियसची बहुतेक नाणी, जी या साठ्यातील उशिराच्या नाण्यांपैकी होती, ती रांजणाच्या खालच्या अर्ध्या भागात होती. वर्षानुवर्षे थोडी थोडी भर पडत गेली असती, तर ती वरच्या बाजूला मिळाली असती. म्हणजे सारा साठा एकाच वेळी ओतला गेला असावा, आणि तो संकटकाळी लपवलेली पुंजी नसून देवतेला वाहिलेले दान असावे, असा तर्क काही अभ्यासकांनी मांडला. रांजण शेतातच उपसून नाणी वाटली गेली असती, तर हा प्रश्नही कोणाला पडला नसता.

इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्यानुसार तीनशे वर्षांहून जुनी, तांबे-ब्राँझसारख्या हलक्या धातूची दहा किंवा अधिक नाणी एकत्र सापडल्यास कळवावेच लागते. आपल्याकडेही १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे सापडलेले धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. हे आपल्यापासून दूरचे नाही. तमिळनाडूत करूर आणि मदुराई येथे उत्तरकालीन रोमन तांब्याची बारीक नाणी सापडली आहेत.

महाराष्ट्रातील संग्राहकांना माझी कळकळीची विनंती आहे की, विक्रेत्याला नाणे कोणत्या निधीतले आणि कोठले, हे विचारावे, उत्तर न मिळाल्यास ते घेऊ नये, आणि घेतलेले नाणे आम्लाने किंवा तारेच्या ब्रशने घासू नये, कारण त्यात टांकसाळीची अक्षरे पुसली जातात.

आपला,
एक नाणेसंग्राहक, नाशिक