आधी परीक्षा, मग भाकर

नाना पेठ, पुणे

प्रिय विजू,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र मिळालं. चर्चमध्ये येशूच्या मरणाची आठवण म्हणून फिरणारं प्रभुभोजनाचं ताट हातात आलं की भाकरीचे ते बारीक चौकोनी तुकडे नुसते बघतोस आणि ताट शेजाऱ्याकडे देतोस. का, तर ‘मी लायक नाही.’ वाचून जीव कळवळला.

बायबलमधलं, प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला, करिंथकरांस, लिहिलेलं पहिलं पत्र काढ आणि त्याचा अकरावा अध्याय पुन्हा वाच. माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग खावं, असं तो सांगतो. परीक्षा करून लांब राहा, असं कुठेच नाही. आणि तिथे तो रागावलाय कुणावर? ज्यांच्या घरी भरपूर होतं ते आधीच खाऊनपिऊन तृप्त व्हायचे आणि गरीब भाऊ उपाशी राहायचे, त्यांच्यावर. मी माझ्या भावाशी कसा वागतो, हा त्या परीक्षेतला पेपर आहे.

म्हणून स्पष्टच लिहितो, राग मानू नकोस. तुझ्या एवढ्या लांबलचक पत्रात ‘मी पापी, मी नालायक’ पानोपानी आहे. दादांचं नाव एकदाही नाही. ‘मी पापी आहे’ हे दर रविवारी अख्खी मंडळी एका सुरात म्हणते, त्याला काही लागत नाही. ‘वाटणीच्या वेळी दादांवर चारचौघांत केलेला आरोप खोटा होता’ हे म्हणायला मात्र जीभ रेटत नाही. खरी कबुली तीच रे.

अशा वेळी मला पंडिता रमाबाई आठवतात. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झालेला, १८९० मध्ये विधवांसाठी काढलेली शाळा, शारदा सदन, मुंबईहून इथे पुण्यात आणलेली, सगळीकडे नाव. आणि त्याच सुमारास त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालाय, ख्रिस्त नाही. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी हे उघड लिहिलं. केवढं धैर्य! पण त्या स्वतःला कोसत बसल्या नाहीत, ख्रिस्ताकडे वळल्या.

तूही स्वतःला खोदत बसू नकोस. एकशे एकोणचाळिसाव्या स्तोत्रात दावीद देवाला म्हणतो, तूच माझं मन तपास. माझं बसणं-उठणं ज्याला आधीपासून ठाऊक आहे आणि तरी ज्याने मला सोडलं नाही, त्याच्यापुढे काय लपवायचं?

अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर, मग ये, असं प्रभू सांगतो. तेव्हा दादांना फोन कर. वहिनींनी उचलला तरी ठेवू नकोस. शनिवारी तू सोलापूरहून नगरला ये, मी वाकडेवाडीहून सकाळची एसटी धरतो. दादांच्या घरी दोघं मिळून जाऊ.

तुझा,
सुधाकर