पडीक शेतात जंगल आधी मोजा, नवे पदार्थ चाचणीनंतरच घाला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पडीक शेतजमिनींवर पुन्हा जंगल उभे करण्याचे कार्यक्रम सगळीकडे वाढत आहेत, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पण रोपांबरोबर आता बरेच नवे पदार्थही त्या जमिनीत उतरत आहेत: खड्ड्यात घालायची जलधारक पावडर, 'मातीत कुजणाऱ्या' रोपपिशव्या, जैवविघटनशील आच्छादन, सांडपाण्याच्या गाळापासून केलेले खत. बातम्यांत रोपांचा आकडा येतो. तिथे रोपे लावायची गरज होती का, खड्ड्यात काय घातले आणि त्याची चाचणी कोणत्या मातीत झाली, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून हे पत्र.

आधी जंगलाबद्दल. नांगर थांबला की बहुतेक ठिकाणी झाडे आपली आपण येतात. जमिनीत राहिलेल्या जुन्या मुळांना फुटवे येतात, वाऱ्याने बी येते, पक्षी आणि वटवाघळे बी आणून टाकतात. अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील आणि पश्चिम आफ्रिकेतील ७७ ठिकाणच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०२१ मध्ये 'सायन्स' या संशोधन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शेती सोडल्यानंतर २० वर्षांत तिथली जंगले जुन्या जंगलाच्या तुलनेत सरासरी ७८ टक्क्यांपर्यंत सावरली होती. मातीचा कस सर्वांत आधी, साधारण दहा वर्षांच्या आत, परत येतो. झाडांचे एकूण वस्तुमान आणि जातींचे मूळ मिश्रण यांना मात्र शंभराहून अधिक वर्षे लागतात. आणि हे सारे कुठल्या जमिनीत? जिथे शेती फार तीव्र नव्हती आणि जवळपास जुने जंगल शिल्लक होते तिथे. वर्षानुवर्षे ट्रॅक्टरने खोल नांगरलेल्या, तणनाशकांनी मुळासकट मोकळ्या केलेल्या जमिनीला हा आकडा लावू नये.

आपली जमीन यांपैकी कुठे बसते, हे एका दिवसात मोजता येते. थायलंडमधील चिआंग माई विद्यापीठाच्या वनपुनरुज्जीवन संशोधन गटाची पद्धत सोपी आहे. पाच मीटरची दोरी खुंटीला बांधून वर्तुळ आखायचे. त्यातली ५० सेंटिमीटरहून उंच रोपे, मोठी झाडे आणि फुटवे देणारी जिवंत खोडे, सगळी मोजायची. जमिनीवर ठिकठिकाणी अशी निदान दहा वर्तुळे घ्यायची. वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौरस मीटर भरते, म्हणजे सरासरी २५ झाडे मिळाली तर हेक्टरी सुमारे ३,१०० ते ३,२०० झाली. १.८ मीटर अंतरावर रोपे लावली तरी हेक्टरी तेवढीच बसतात. अशा जमिनीत खड्डे खणणे म्हणजे आलेले जंगल तुडवून नवे लावणे. संख्या कमी भरली तर जेवढी कमी तेवढीच रोपे लावावीत. ही मोजणी वाटेच्या कडेने करू नये. वर्तुळांच्या जागा आधी नकाशावर ठरवाव्यात, नाहीतर डोळा आपोआप झाडोऱ्याकडे वळतो आणि आकडा फुगतो. जातीही मोजाव्यात. एकाच परक्या झुडपाची तीन हजार रोपे म्हणजे जंगल नव्हे.

झाडे येऊन अडकतात ती बहुधा उंच गवतामुळे. गवत पाणी आणि प्रकाश घेते, शिवाय दरवर्षी वाळून वणव्याला चारा पुरवते. ते कापले की जोमाने परत फुटते, म्हणून कापण्याऐवजी दाबावे. आधी प्रत्येक रोपाजवळ रंगीत काठी रोवावी, नाहीतर गवताबरोबर रोपेही चिरडतात. मग सुमारे एक मीटर लांब फळीच्या दोन टोकांना दोरी बांधून ती खांद्यावर घ्यावी आणि पायाने फळी दाबत एकाच दिशेने पुढे जावे. वेळ साधणे महत्त्वाचे: गवताचा झुबका बुडाशी वाकवून पाहावा, तो आडवाच राहिला तर काम करावे, उसळून उभा राहिला तर थांबावे. आडवे झालेले गवत आपल्याच खालच्या कोंबांवर सावली धरते. रोपाभोवती अर्धा मीटर त्रिज्येत मात्र गवत मुळासकट काढावे लागते. भोवताली किमान आठ मीटर रुंदीची जाळरेषा आणि पहिली काही वर्षे चराईबंदी, एवढ्यावर पुष्कळ जमिनी मार्गी लागतात.

नांगराच्या तासाखालचा कठीण थर ही दुसरी अडचण. ओल्या जमिनीत लोखंडी सळई दाबून पाहिली आणि ती वीसेक सेंटिमीटरवर अडली तर मुळेही तिथेच अडणार. तो थर समतल रेषेत ४० ते ५० सेंटिमीटर खोल फाडावा, पण जमीन कोरडी असताना. ओल्या चिकण मातीत फाळ चालवला तर भिंती लिंपल्या जातात आणि थर होता त्याहून वाईट होतो. जिथे जिवंत मुळे फुटत आहेत तिथे फाळ नेऊच नये. आणि शेतीपूर्वी जी जमीन गवताळ माळ होती, तिच्यावर जंगल लादू नये. तिथे माळच परत यायला हवा.

आता पदार्थांकडे येतो. पदार्थाची चाचणी शेताच्या मातीत किंवा प्रयोगशाळेत बनवलेल्या मातीत होते, पण तो राहणार असतो जंगलाच्या मातीत. या दोन्ही वेगळ्या असतात. इंग्लंडमधील रॉथमस्टेड संशोधन केंद्रात १८८० च्या दशकात शेताचे दोन तुकडे सोडून दिले गेले आणि दोन्हींवर जंगल आले. ब्रॉडबॉकच्या तुकड्यात पूर्वी भरपूर चुना घातलेला होता, तिथला सामू (आम्लता दाखवणारा पीएच) टिकला. गीसक्रॉफ्टच्या तुकड्यात चुन्याचा साठा नव्हता. तिथली वरची माती शतकभरात आम्ल होत गेली आणि सामू चारच्या आसपास उतरला. मातीतले मँगनीज आणि ॲल्युमिनियम मोकळे होऊ लागले. आज सात सामूच्या मातीत घट्ट बसलेले तांबे, जस्त किंवा कॅडमियम उद्याच्या जंगलात सुटून पाण्यात उतरू शकते. म्हणून खनिज किंवा धातू असलेल्या कोणत्याही पदार्थाची पाझर चाचणी दोनदा करावी, एकदा जमिनीच्या आजच्या सामूला आणि एकदा चारच्या सामूला. फक्त पहिली केली तर ती जंगलासाठी केलेली चाचणी नव्हे.

'जैवविघटनशील' या शिक्क्यामागचे तापमानही पाहावे. युरोपचे १३४३२ क्रमांकाचे मानक औद्योगिक कंपोस्टसाठी आहे. त्यात सुमारे ५८ अंश सेल्सियसला, सहा महिन्यांच्या आत ९० टक्के कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावे लागते. मातीचे तापमान तिथवर जात नाही. पॉलिलॅक्टिक आम्लाचे प्लॅस्टिक कंपोस्टच्या ढिगात काही आठवड्यांत तुटते, सामान्य मातीत मात्र वर्षानुवर्षे ओळखू येईल असे राहते. शेतात राहणाऱ्या आच्छादनासाठी १७०३३ हे वेगळे मानक २०१८ मध्ये आले: २० ते २८ अंशांना, दोन वर्षांच्या आत ९० टक्के. विक्रेता प्रमाणपत्र दाखवतो तेव्हा आधी हा क्रमांक वाचावा. दुसरे प्रमाणपत्रही पूर्ण हमी देत नाही. चाचणीतली माती सतत ओलसर ठेवलेली असते आणि नमुना बहुधा भुकटी करून घातलेला असतो. शेतातली पिशवी अखंड असते, माती अर्धे वर्ष कोरडी राहू शकते, आणि कोरड्या मातीत सूक्ष्मजीवांचे काम जवळजवळ थांबते.

जलधारक पावडर म्हणजे बहुधा पोटॅशियम पॉलिॲक्रिलेट किंवा त्याचा ॲक्रिलामाइडशी केलेला संयुग. 'वजनाच्या काहीशे पट पाणी धरते' हा दावा शुद्ध पाण्यातला असतो. कठीण पाण्यातले कॅल्शियम तिच्या साखळ्या एकमेकींना जखडते आणि क्षमता निम्म्याहून खाली जाते. खतांच्या क्षारांनीही तेच होते. पडताळणी घरी होते. एक ग्रॅम पावडर त्याच जमिनीच्या विहिरीच्या एक लिटर पाण्यात २४ तास ठेवावी, बारीक कापडातून गाळून वजन करावे. मग तोच गोळा पूर्ण सुकवून पुन्हा भिजवावा, असे पाच वेळा. पाचव्या वेळचे वजन खरे धरावे. सोडियमवर आधारलेली पावडर मातीची घडण मोडते, ती वापरूच नये. खड्ड्यात जास्त घातली तर फुगून रोप वर उचलते आणि मुळांभोवती हवा राहत नाही. ॲक्रिलामाइड हे चेतासंस्थेला घातक असते, त्यामुळे न जोडले गेलेले ॲक्रिलामाइड किती उरले आहे याचा अहवाल लेखी मागावा. साखळीचा मुख्य कणा मातीत फार सावकाश तुटतो, म्हणून एकदा घातलेली ही पावडर परत काढता येत नाही. नैसर्गिकरीत्या जंगल येत असलेल्या जमिनीत ती घालण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

मूळ पदार्थ तपासला आणि त्यापासून पुढे बनणारा राहून गेला, तर काय होते हे टायरच्या रबराने दाखवले. रबर टिकावे म्हणून ६पीपीडी नावाचे रसायन त्यात दशकानुदशके घातले जाते. ओझोनशी क्रिया होऊन त्यापासून ६पीपीडी-क्विनोन बनते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओढ्यांत पावसानंतर कोहो सामन मासे मरत, त्याचे कारण हे संयुग असल्याचे २०२० च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळले. लिटरमागे एक मायक्रोग्रॅमहून कमी मात्रेत ते कोहोला मारते. त्याचाच नातलग असलेला चम सामन मात्र त्या मात्रेला टिकतो. चाचणीसाठी चुकीचा मासा निवडला असता तर अहवाल निर्धोक आला असता.

मातीतही असेच होते. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची २०७ क्रमांकाची गांडूळ चाचणी १४ दिवसांची असून ती फक्त मृत्यू मोजते. २२२ क्रमांकाची चाचणी ५६ दिवसांची असते आणि तीत पिल्ले मोजली जातात. कित्येक पदार्थ गांडुळाला मारत नाहीत, पण त्याची वीण थांबवतात. विक्रेत्याकडे पहिल्याचाच अहवाल असेल तर दुसऱ्याचा मागावा. तोही वाचताना मातीकडे लक्ष असू द्यावे: प्रमाणित कृत्रिम मातीत सुमारे ७० टक्के वाळू, २० टक्के केओलिन (पांढरी चिकणमाती) आणि १० टक्के पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला पाला) असते, म्हणजे ती कुणाच्याच शेताची माती नसते.

गाळखताबद्दल थोडक्यात. सांडपाण्याच्या गाळातून पीएफएएस वर्गातील (फ्लोरीनयुक्त, फार टिकाऊ) रसायने शेतांत गेल्याचे दिसल्यावर अमेरिकेच्या मेन राज्याने २०२२ मध्ये गाळ शेतात पसरण्यावर बंदी घातली. तोवर तिथे काही शेतकऱ्यांना जमिनी सोडाव्या लागल्या होत्या. ही रसायने मातीत तुटत नाहीत, आणि जड धातूंच्या नेहमीच्या तपासणीत ती दिसतही नाहीत. स्वतंत्र तपासणीशिवाय असे खत पुनर्वनीकरणात नको.

प्रयोगशाळा परवडत नाही म्हणून चाचणीच टाळली जाते, त्याची गरज नाही. त्याच जमिनीची माती पंधरा कुंड्यांत भरावी: पाच पदार्थाविना, पाच सांगितलेल्या मात्रेत, पाच दहापट मात्रेत. प्रत्येकीत एका बाजूला दहा शेंगवर्गीय बिया, दुसऱ्या बाजूला दहा गवतवर्गीय. पदार्थ नसलेल्या कुंड्यांत ७० टक्क्यांहून कमी उगवण झाली तर बी किंवा पाणी बिघडले असे समजून पुन्हा सुरुवात करावी. तीन आठवड्यांनी उंची, कोरडे वजन आणि पानांचा आकार नोंदवावा. शेंगवर्गीय पाने वाटीसारखी वळली किंवा शेंडा पिळला गेला तर कंपोस्टमध्ये संप्रेरकवर्गीय तणनाशक उरले आहे असा संशय घ्यावा. क्लोपिरॅलिड आणि अमिनोपिरॅलिड ही अशी तणनाशके गवत, शेण आणि कंपोस्ट यांतून टिकून पुढे जातात. नंतर त्याच कुंड्या तीन महिने आलटून पालटून भिजवाव्यात, सुकवाव्यात आणि पुन्हा पेराव्यात. विघटनातून तयार होणारे काही घातक असेल तर ते दुसऱ्या पेरणीत दिसण्याची शक्यता जास्त. घाई करणारे नेमकी हीच गाळतात.

पिशव्या आणि आच्छादनासाठी वजन केलेले तुकडे बारीक नायलॉनच्या जाळीत घालून दहा सेंटिमीटर खोल पुरावेत, दर सहा महिन्यांनी काही काढून धुवून, सुकवून, वजन करावे. इथे एक सापळा आहे. वजन घटले म्हणजे पदार्थ कुजला असे नव्हे. तो बारीक तुकडे होऊन जाळीबाहेरही गेला असेल. ऑक्सो प्रकारच्या (लवकर तुटावे म्हणून रसायन घातलेल्या) प्लॅस्टिकचे तुकडेच होतात, म्हणून युरोपीय संघाने २०२१ पासून ते बाजारातून हटवले. भोवतालची माती चाळून तुकडे शोधल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

शेवटी तुलनेच्या तुकड्याबद्दल, कारण सर्वांत जास्त दुर्लक्ष त्याच्याकडे होते. कोस्टा रिकातील ग्वानाकास्ते संवर्धन क्षेत्रात १९९० च्या दशकात सुमारे १२,००० टन संत्र्याच्या साली तीन हेक्टर निकृष्ट कुरणावर टाकल्या गेल्या. न्यायालयीन वादामुळे पुढचे काम थांबले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत तिथल्या झाडांचे जमिनीवरील वस्तुमान १७६ टक्क्यांनी वाढलेले आढळले. हे सांगता आले ते शेजारी साली न टाकलेले कुरण होते म्हणून. मात्र गवत दबल्यामुळे किती आणि मातीचा कस वाढल्यामुळे किती, हे एकाच तुकड्यावरून वेगळे काढता येत नाही.

म्हणून प्रत्येक प्रकल्पात पदार्थ न घातलेला आणि रोपेही न लावलेला, फक्त आग व गुरे यांच्यापासून राखलेला भाग असावा. तो एकाच कोपऱ्यात न ठेवता चढावर, उतारावर आणि सखल भागात मिळून निदान तीन ठिकाणी असावा. घातलेल्या पदार्थाचे नाव, उत्पादन तुकडी, मात्रा, तारीख आणि जागा जमिनीच्या कागदपत्रांबरोबर राहावी, कारण दहा वर्षांनी ती जमीन दुसऱ्या कुणाच्या हातात असते. आपल्या वार्ताहरांना विनंती आहे की लागवडीची बातमी देताना रोपांच्या आकड्याशेजारी लागवडीपूर्वीच्या वर्तुळमोजणीचा आकडा आणि वापरलेल्या पदार्थांच्या चाचण्यांचे क्रमांकही मागून छापावेत.

आपले,
पडीक जमिनींचे पुनर्वनीकरण आणि माती चाचणी या क्षेत्रांत काम करणारे काही वाचक