गाडी म्हणते, आज २६ जुलै

म्युनिक, १२ मार्च २०२५

प्रिय मन्या,

दिवाळीपासून पत्र नाही, फोन नाही. रागावला असशील तर रागाव, पण हे शेवटपर्यंत वाच. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच.

काल संध्याकाळी निळ्या गाडीत नॅव्हिगेशन बसवून झालं. कंपनी फिटेड, पण सेकंडहँड. भंगारात निघालेल्या त्याच मॉडेलच्या गाडीतला अख्खा संच नव्वद युरोंना मिळाला: स्क्रीन, डिकीत बसणारा डीव्हीडीचा डबा, अँटेना, वायरिंग. कोड आधी लिहून घेतला. बॅटरी काढली की डबा कोड मागतो, आणि तो नसला की सगळं फुकट. मागची सीट काढून, दारांखालच्या पट्ट्या उचकटून डिकीपासून पुढपर्यंत वायर ओढली. तीन संध्याकाळी गेल्या. सगळ्यात छळलं ते चाकाच्या वेगाच्या वायरीनं. हा डबा नुसत्या उपग्रहांवर विसंबत नाही. चाकं किती फिरली ते मोजतो, वळण आतल्या जायरोवरून ओळखतो, म्हणून बोगद्यातही वाट सोडत नाही. तू असतास तर ती वायर दहा मिनिटांत सापडली असती. शेवटी एक स्क्रू उरलाच. तुझ्या नियमाप्रमाणे तो 'कंपनीनं जादा दिलेला'.

गॅरेजमधून गाडी उघड्यावर आणली. इतकी वर्षं पडून राहिलेल्या यंत्राला उपग्रह शोधायला वेळ लागतो. पंधरा मिनिटांनी बाण आमच्या गल्लीत आला आणि वर तारीख उमटली: मंगळवार, २६ जुलै २००५.

मन्या, मी गाडी बंद केली आणि तसाच बसून राहिलो.

तारखेचं कारण साधं आहे. हे उपग्रह वर्ष सांगत नाहीत, आठवड्याचा क्रमांक सांगतात. ० ते १०२३, मग पुन्हा शून्य. ६ एप्रिल २०१९ च्या रात्री तो शून्यावर आला, आणि ज्या जुन्या यंत्रांना ते कळलं नाही ती १०२४ आठवडे मागं पडली. आठवडे पूर्ण, म्हणून वारही जुळतो. कागदावर मोजलं, ७१६८ दिवस. काम एक दिवस आधी संपलं असतं तर २५ जुलै दिसला असता आणि मी वर जाऊन जेवलो असतो.

शुभाला दाखवलं. तिला तो पाऊस माहीत आहे, सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर माहीत आहेत. काकांच्या पद्मिनी गाडीचं माहीत नाही. तू म्हणत होतास, युनिव्हर्सिटीतच, विद्यानगरीत, रात्र काढू. मी म्हणालो, सीएसटी रोडनं निघू, अर्ध्या तासात एलबीएस रोडला लागू. मिठीच्या पुलाअलीकडे पाणी दारांतून आत आलं. आणि घरी पोचल्यावर तू काकांना सांगितलंस, 'हट्ट माझा होता.' मी शेजारी उभा होतो, गप्प. ते तुझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. मला मात्र त्यांनी कोरडे कपडे दिले, तुझेच.

नंतर त्यावरून आपण भांडलो. तू म्हणालास, आता सांगितलंस तर मी खोटा ठरेन. ते मला तेव्हाही पटलं नव्हतं, आज तर अजिबात नाही. गाडी गेली याचं काकांना वाईट वाटलंच. पण तुझ्यावरचा त्यांचा विश्वास जो उडाला, तो माझ्यामुळे. पुढची गाडी त्यांनी तुला किती वर्षं हातात दिली नाही, आठवतं? आणि मी आलो की, 'याच्यासारखं जरा विचार करून वाग.' प्रत्येक वेळी मी चहा पीत बसायचो.

काका आता चौऱ्याऐंशीचे. मेमध्ये येतोय, तेव्हा समोर बसून सांगायचं आहे. त्यांच्या लक्षातही नसेल कदाचित. किंवा मुलगा आपल्याशी खोटं बोलला एवढंच त्यांना लागेल, आणि तसं झालं तर तो घावही मीच घातलेला असेल. म्हणून तुला विचारल्याशिवाय तोंड उघडणार नाही. पण या वेळी नुसतं 'सोड रे' म्हणू नकोस.

ईशाची बारावी संपत आली असेल, तिला सांग मी विचारत होतो. वहिनींची बदली रद्द झाली का? बिल्डिंगच्या रीडेव्हलपमेंटचंही कळव.

आज सकाळी ऑफिसला निघालो तर गाडीत २७ जुलै. त्या सकाळी आपण कुर्ल्याहून रुळांवरून चालत आलो होतो आणि काका दारातच उभे होते. लवकर लिही. तिकीट ९ मेचं आहे.

तुझा,
बाळ्या