'उद्या सकाळी ९ वाजता' म्हणजे नेमकं कधी?

महोदय,

निधन वार्ता आपल्या पानावर छापून येईपर्यंत ती व्हॉट्सॲपच्या कितीतरी ग्रुपवर फिरून आलेली असते. त्याबद्दल तक्रार नाही. पूर्वी कोपरा फाडलेलं कार्ड पोचायला दिवस लागत, आणि तार आली की ती वाचायच्या आधीच घरात रडारड सुरू व्हायची. ती तारही जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आज लांबची माणसं वेळेत मातीला पोचतात ती मोबाईलमुळेच. पण निरोप देण्याची जी रीत होती ती या घाईत सुटली, आणि त्या दिवशी होणारे बरेचसे घोळ तिथूनच सुरू होतात.

आमच्या कोल्हापूर भागातला नेहमीचा मजकूर पाहा : 'आमचे वडील यांचे आज दुःखद निधन झाले. अंत्ययात्रा राहत्या घरातून. रक्षाविसर्जन उद्या सकाळी ९ वाजता.' घरच्या ग्रुपवर हे चालतं. चौथ्या ग्रुपवर गेल्यावर कुणाचे वडील, कुठलं घर, काहीच कळत नाही. मंगळवारी रात्री लिहिलेला मजकूर बुधवारी दुपारी वाचला की 'उद्या'चा गुरुवार होतो. मग गुरुवारी नऊला माणसं घाटावर जातात, तेव्हा रक्षा सावडून चोवीस तास झालेले असतात. म्हणून 'आज-उद्या' लिहायचंच नाही; वार आणि तारीख लिहायची. पूर्ण नाव, वय, मूळ गाव, घराजवळची ठळक खूण आणि स्मशानभूमीचं नाव हवं, कारण शहरात पंचगंगा आहे, कदमवाडी आहे, कसबा बावडाही आहे. संपर्काला नंबर शेजाऱ्याचा किंवा भाच्या-पुतण्याचा द्यावा, मुलाचा नको; त्याला तिरडीजवळून उठून 'कुठून वळायचं?' याची उत्तरं द्यावी लागतात. पाठवलेला मजकूर १५ मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो खरा, पण तेवढ्यात तो ज्यांनी पुढे ढकलला त्यांच्याकडे चूक तशीच राहते.

वेळ जाहीर करण्याची घाई तर हमखास अंगाशी येते. घरी मृत्यू झाला असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा मृत्यूच्या कारणाचा दाखला (नमुना ४-अ) लागतो. अपघात किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर पंचनामा, शवविच्छेदन, मग ताबा. यातलं काहीच आपल्या हातात नसतं. तरी 'दुपारी १२ वाजता' असं आधी कळवून टाकतात आणि शंभर माणसं उन्हात तीन तास ताटकळतात. दाखला हातात आल्यावरच वेळ कळवावी. तोवर 'वेळ नंतर कळवू' एवढं पुरतं.

नेत्रदान करायचं असेल तर पहिला फोन नेत्रपेढीला, ग्रुपवरचा मजकूर नंतर. मृत्यूनंतर साधारण सहा तासांत डोळे काढावे लागतात. तोवर पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोक्याखाली उशी द्यावी.

आता क्रमाविषयी. सासरी असलेली लेक, भाऊ, बहीण यांना फोन करूनच सांगायचं असतं, तेही शक्यतो त्यांच्याजवळच्या माणसाला आधी. प्रवासात असलेल्याला जुनी माणसं 'तब्येत जास्त आहे, निघून ये' एवढंच सांगत. त्या खोटेपणात शहाणपण होतं. आज लेक एसटीत बसलेली असते आणि चुलतभावाच्या स्टेटसवर तिला वडिलांचा हार घातलेला फोटो दिसतो. जवळच्यांचे फोन होईपर्यंत स्टेटस न ठेवणं एवढं पथ्य घरातल्या एकाने सगळ्यांना बजावलं तरी काम होतं. माणूस जिवंत असताना श्रद्धांजली वाहण्याचा प्रकार तर नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम गोखले यांच्या बाबतीत साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. कुटुंबाला ते हयात असल्याचं सांगावं लागलं. त्यांचं निधन झालं ते २६ तारखेला.

परदेशातल्या मुलांसाठी व्हिडिओ कॉल आता रूढ झाला आहे, आणि त्यात गैर काही नाही. फक्त तो घरच्या माणसाने हातात धरू नये. एखाद्या मित्राकडे फोन आणि पॉवर बँक द्यावी, स्मशानात रेंज येते का ते आधी पाहावं. स्पीकर बंद ठेवून इयरफोन लावावा, नाहीतर मंत्र चालू असताना तिकडचा हंबरडा सगळ्या घाटावर ऐकू येतो. आपल्याकडे सकाळचे नऊ म्हणजे न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेदहा, उन्हाळ्यात साडेअकरा. तिकडे घरात लहान मुलं जागी असतात. अग्नी देतानाचं दृश्य पाहायचं आहे का, हे त्यांना आधीच विचारावं. बऱ्याच जणांना तोंड पाहायचं असतं, चिता नव्हे. सर्वांना उघडं दिसणारं लाइव्ह मात्र नकोच.

श्रद्धांजलीच्या डिजिटल बॅनरवर मयताच्या फोटोपेक्षा शोकाकुल मंडळींचे फोटो मोठे असतात, त्यावर काय बोलावं! त्यापेक्षा 'हार आणू नयेत, शेणी (गोवऱ्या) द्याव्यात' ही एक ओळ निरोपात घाला. कोल्हापुरात महापालिका दहन मोफत करते आणि त्याला दान आलेल्या शेणींचा मोठा आधार असतो.

राहिला मयताचा फोन. फेसबुकला मृत्यूचा दाखला किंवा निधन वार्तेसारखा पुरावा दिला की खातं स्मरणार्थ ठेवतात आणि वाढदिवसाच्या सूचना थांबतात. तेवढ्यासाठी आपल्या दैनिकातलं कात्रण जपून ठेवावं. मयताच्या फोनवरून यूपीआयने पैसे काढू नयेत. वारसाने दाखला घेऊन रीतसर बँकेत जावं. सिम मात्र लगेच बंद करू नये, ठिकठिकाणचे ओटीपी त्यावर येत असतात. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो. त्याने व्हॉट्सॲप सुरू केलं की मुलीच्या फोनवर 'बाबा' या नावापुढे अनोळखी माणसाचा फोटो दिसतो. म्हणून नंबर सोडण्याआधी तो घरच्या सगळ्या ग्रुपमधून काढावा आणि प्रत्येकाने आपल्या फोनमधलं नाव बदलून घ्यावं.

— अंत्यविधीच्या कामात मदत करणारे काही कार्यकर्ते, कोल्हापूर